लटपटणारा घोटा आणि खरिपाचे गणित

रात्री दोनला वीज येते. मोटार चालू करायची, खांद्यावर फावडे टाकायचे आणि गव्हाला पाणी द्यायला निघायचे. हे तुम्हाला नवे नाही. बॅटरीच्या उजेडात ओल्या सरीत पाय पडतो, तळवा आतल्या बाजूला वळतो आणि घोट्याच्या बाहेरून कट्‌ असा आवाज येतो. माणूस बांधावर बसतो, विजेच्या नावाने दोन शब्द बोलतो आणि तसाच उठून दारे धरतो. सकाळी घोटा टम्म सुजलेला. घरची माणसे हळद-तुरटीचा लेप देतात. कोणी चोळून देणाऱ्याकडे नेते. आठ-दहा दिवसांत लंगडत का होईना तो कामाला लागतो. कोणी विचारले तर म्हणतो, "काही नाही, पाय मुरगळला होता."

आज लिहायचे आहे ते या 'काही नाही'बद्दल. कारण पुष्कळांचे हे दुखणे तिथे संपत नाही. दोन महिन्यांनी चाऱ्याचा भारा डोक्यावर असताना तोच पाय पुन्हा वळतो. मग विहिरीच्या पायऱ्या उतरताना वळतो. पुढे सपाट रस्त्यावरसुद्धा वळतो. माणूस म्हणू लागतो, "पाय धरत नाही, भरवसा राहिला नाही." हळूहळू तो पाठीवरचा पंप दुसऱ्याला देतो, चिखलणीला जात नाही, उसाची मोळी गाडीत चढवायचे टाळतो. घरातला कर्ता गडी अर्धा होतो आणि त्याची नोंद मात्र कुठल्याच कागदावर होत नाही. दवाखान्यात नाही, तलाठ्याकडे नाही, ग्रामपंचायतीत नाही.

यावर इलाज आहे. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. ज्यांना लागते, त्यांच्यासाठी ती चांगली आणि खात्रीची आहे. पण आपल्याकडे ज्यांना नको ते घाबरतात, ज्यांना हवी ते उशीर करतात, आणि शस्त्रक्रियेनंतरचे तीन-चार महिने कोणी पोसायचे याचा विचार सरकारनेही केलेला नाही आणि गावानेही नाही. अडचणीचे खरे मूळ इथे आहे.

घोट्यात तुटते काय?

घोट्याचा सांधा तीन हाडांचा. वरून नडगीचे हाड, बाहेरच्या बाजूने तिच्या शेजारचे बारीक हाड, आणि या दोघांच्या खोबणीत बसलेले खालचे हाड. हाडे जागेवर राहावीत म्हणून त्यांना चिवट पट्ट्यांनी बांधलेले असते. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात, मराठीत अस्थिबंध. मांडवाच्या खांबाला जसे चारी बाजूंनी तणावे असतात, तसेच हे. बाहेरच्या बाजूला असे तीन तणावे आहेत. एक पुढे, एक टाचेच्या हाडाकडे, एक मागे. यातला पुढचा सर्वांत नाजूक. तळवा आत वळला की पहिला तोच ताणतो किंवा तुटतो. झटका मोठा असेल तर टाचेकडचाही जातो. मागचा क्वचितच तुटतो.

हाड मोडले नाही म्हणजे काही झाले नाही, हा समज इथेच चुकतो. एक्स-रेमध्ये हाड दिसते, पट्टी दिसत नाही. पट्टी लांब होऊन सैल जुळली, तर तणावा ढिला झालेल्या खांबासारखा घोटा हलत राहतो.

दुसरीही एक गोष्ट बिघडते. या पट्ट्यांमध्ये बारीक मज्जातंतू असतात. पाय कुठे वळतो आहे याची खबर ते मेंदूला देतात. पट्टी तुटली की ही खबर उशिरा पोचते, आणि पाय सावरणारे बाहेरचे स्नायू उशिरा जागे होतात. १९६५ साली इंग्लंडमध्ये फ्रीमन नावाच्या डॉक्टरांनी ही गोष्ट मांडली आणि तोल साधण्याच्या व्यायामाने ती सुधारते हेही दाखवले. म्हणजे पाय 'कमजोर' का वाटतो, याचे कारण नुसत्या ताकदीत नाही. पायाची सावधगिरी गेलेली असते.

पहिले दोन दिवस

लचक ताजी असताना काय करायचे? चोळायचे नाही, शेकायचे नाही, ओढून 'बसवायचे' नाही. हाड बसवणाऱ्या जाणत्या माणसाला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. पण तुटलेल्या पट्टीवर जोर दिला तर आतला रक्तस्राव वाढतो आणि सूज दुप्पट होते. पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा धरावा. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्याची पट्टी ठेवावी. वरून क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे काळीनिळी पडतील इतके घट्ट नको.

एक्स-रे कधी काढायचा याचा एक सोपा नियम १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी घालून दिला. जगभरचे दवाखाने तो वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंचे जे उंचवटे आहेत, त्यांच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत हाडाच्या मागच्या कडेवर दाबून पाहा. तिथे हाडावरच कळ येत असेल तर एक्स-रे काढा. लागल्या लागल्या आणि दवाखान्यात गेल्यावरही चार पावले टाकता येत नसतील तरी काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो तिथे, किंवा आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे असलेल्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तरीही काढा. यातले काहीच नसेल तर हाड मोडले असण्याची शक्यता फार थोडी. हा नियम आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना माहीत असला, तर तालुक्याच्या कितीतरी फुकट खेपा वाचतील आणि मोडलेले हाडही लेपाखाली लपून राहणार नाही. मधुमेह असलेल्यांनी आणि पायाला बधिरता असलेल्यांनी मात्र या नियमावर विसंबू नये. त्यांना हाड मोडूनही फारशी कळ येत नाही. त्यांनी सरळ डॉक्टर गाठावा.

आधी व्यायाम, मग सुरी

घोटा मुरगळलेल्या बहुतेकांचा पाय पूर्ववत होतो. साधारण पाचांत एकाला पुढे पाय वळण्याची सवय लागते. या पाचव्या माणसालासुद्धा लगेच शस्त्रक्रिया सांगणारा डॉक्टर घाई करतो आहे असे खुशाल समजा. रीत अशी आहे की निदान तीन महिने नेमाने व्यायाम करायचा.

व्यायाम घरी होण्यासारखे आहेत. पहिला, भिंतीजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभे राहायचे. जमू लागले की डोळे मिटून. दुसरा, सायकलची जुनी ट्यूब बाजेच्या पायाला बांधायची, तिच्या फासात पाऊल अडकवायचे आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचे. पंधरा वेळा ओढून थांबायचे, असे तीनदा. तिसरा, उंबऱ्यावर उभे राहून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली सोडायच्या. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे. लोक म्हणतात, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" राबण्याने ताकद येते, हे खरे. पण घोट्याची गेलेली सावधगिरी परत आणायला हे वेगळे शिक्षण लागते. तीन महिने मन लावून केले तर कित्येकांचा शस्त्रक्रियेचा प्रश्नच मिटतो.

मग शस्त्रक्रिया कोणाला? व्यायाम करूनही ज्याचा पाय वारंवार वळतो आणि डॉक्टरने हाताने तपासल्यावर ज्याचा सांधा खरोखर सैल लागतो, त्याला. नुसत्या एमआरआयच्या कागदावर 'लिगामेंट फाटले' असे आले म्हणून नाही. एमआरआयचा उपयोग आतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गुळगुळीत गादी, खराब झाली आहे का हे पाहायला. पाय वर्षानुवर्षे वळत राहिला तर ही गादी झिजते. एकदा झिजली की सांधेवात मागे लागतो, आणि मग पट्टी शिवूनही पूर्ण आराम पडत नाही. शेवटी सांधा कायमचा जखडून टाकायची पाळी येऊ शकते. दुखणे थांबते, पण उकिडवे बसणे अवघड होते. खुरपणी, दूध काढणे, भाजी काढणे ही सगळी उकिडव्याची कामे. शेतकऱ्याने उशीर का करू नये, ते यावरून समजावे.

शस्त्रक्रिया असते कशी?

आज जगभर सर्वांत जास्त केली जाते ती पद्धत स्वीडनचे डॉ. ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली सांगितली. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटरची चीर घ्यायची, सैल झालेली पट्टी आखूड करून पुन्हा हाडाला शिवायची. १९८० साली अमेरिकेत डॉ. गूल्ड यांनी तिच्यावर शेजारच्या मजबूत पडद्याचा आणखी एक थर शिवण्याची सुधारणा केली. आता शिवण्यासाठी हाडात बसणारे छोटे खिळे वापरतात, आणि काही ठिकाणी दुर्बिणीतूनही हे काम होते. दहांपैकी आठ-नऊ जणांचा पाय यानंतर भरवशाचा होतो.

त्याआधीच्या काळात घोट्यामागचा चांगला स्नायूबंध कापून त्याचीच दोरी ओवत. सांधा घट्ट व्हायचा, पण कधी कधी अति घट्ट व्हायचा, आणि पाय सावरणाराच स्नायू खर्ची पडायचा. म्हणून ती पद्धत मागे पडली. मूळ पट्टी अगदीच विरून गेली असेल, माणूस फार वजनदार असेल किंवा पहिली शस्त्रक्रिया फसली असेल, तर आता मांडीच्या मागचा एक बारीक स्नायूबंध काढून नवी पट्टी तयार करतात.

डॉक्टरला एक प्रश्न जरूर विचारा, "माझी टाच आत कललेली आहे का?" काहींच्या टाचेचे हाड जन्मतःच आत झुकलेले असते. त्यांची चप्पल बाहेरच्या कडेने लवकर झिजते. अशा पायात नुसती पट्टी शिवली तर ती पुन्हा ताणून सैल होते. टाचेचे हाडही सरळ करावे लागते. वाकडा खांब तसाच ठेवून तणावे आवळत बसण्यात अर्थ नाही.

धोके थोडे आहेत, पण आहेत. चिरेजवळची बारीक नस दुखावून पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येऊ शकतो. जखम चिघळू शकते, सांधा आखडू शकतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. तंबाखू-विडी चालू असेल तर जखम उशिरा भरते.

पाय वळतो की पाऊल लोंबते?

एक फरक नीट समजून घ्या. काहींचे पाऊल वळत नाही, तर उचलतच नाही. चालताना बोटे जमिनीला घासतात, चप्पल निसटते. हे पट्टीचे दुखणे नाही, नसेचे आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबली की असे होते. तासन्‌तास उकिडवे बसून लावणी किंवा काढणी करणाऱ्यांमध्ये हे दिसते. कुष्ठरोगातही हीच नस जाते. मणक्याच्या दुखण्यातही पाऊल पडते.

इथे वाट पाहू नका. पाऊल नुकतेच पडले असेल तर औषधाने नस परत येण्याची आशा असते, आणि ती दर आठवड्याला कमी होते. कुष्ठरोगाची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. जुन्या दुखण्यातही, आतल्या बाजूचा चांगला स्नायूबंध पावलाच्या वर आणून बसवण्याची शस्त्रक्रिया होते आणि माणूस पाऊल उचलून चालू लागतो. स्नायूबंधांची जागा बदलून कुष्ठरुग्णांचे निकामी हात चालते करण्याचे काम वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. त्याच वाटेने पुढे हातांप्रमाणे पायांचीही कामे झाली. पोलिओने कमजोर झालेल्या पायांनाही अशा शस्त्रक्रियांनी आधार दिला. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पण त्याआधी पोलिओ झालेली माणसे गावोगाव आहेत. त्यांनीही घोटा दाखवून घ्यावा. वय झाले म्हणून सोडून देऊ नये.

खरा खर्च कुठे आहे

आता पैशाचे बोलू. २०१२ साली राज्यात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली. पुढे ती सर्व जिल्ह्यांत गेली आणि २०१७ पासून तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०२३ मध्ये झालेल्या निर्णयानुसार तिचे कवच कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाले आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. पण कवच ५ लाखांचे आहे याचा अर्थ प्रत्येक शस्त्रक्रिया, प्रत्येक दवाखान्यात, फुकट असा नाही. उपचारांची यादी ठरलेली आहे, काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि आधी मंजुरी लागते. म्हणून दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला गाठून विचारा, "माझ्या घोट्याची ही शस्त्रक्रिया यादीत आहे का, आणि या दवाखान्यात होते का?" दाखल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

समजा, शस्त्रक्रिया फुकट झाली. पुढे? पहिले दोन आठवडे प्लास्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. मग आधाराचा बूट घालून हळूहळू वजन. सहा आठवड्यांनी फिजिओथेरपी. हलकी कामे तीन महिन्यांनी. ओझे उचलणे, नांगरलेल्या रानात चालणे, चिखलात उतरणे याला चार ते सहा महिने. दोन एकरांच्या शेतकऱ्याने एवढे दिवस बसून खायचे कसे? ऊसतोडीला जोडीने कोयता घेतात. त्यातला एक बसला तर उचल फेडायची कशी? माणूस शस्त्रक्रियेला भितो म्हणून टाळतो असे आपण म्हणतो. तसे नाही. तो या चार महिन्यांना भितो.

आणि या चार महिन्यांना कुठल्याच योजनेत जागा नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाला किंवा दोन अवयव निकामी झाले तर २ लाख रुपये मिळतात, एक अवयव निकामी झाला तर १ लाख. लटपटणारा घोटा निकामी अवयवात धरत नाहीत. दिव्यांगांच्या बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. नुसत्या सैल घोट्याने माणूस तिथवर पोचत नाही. म्हणजे पाय पूर्ण गेला तर मदत, जाऊ नये म्हणून मदत नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावर जखमी होऊन दाखल झालेल्या मजुराला मजुरीच्या निदान निम्मा भत्ता देण्याची सोय केली होती. म्हणजे बरे होईपर्यंत पोटाला आधार द्यावा हे तत्त्व सरकारला अमान्य नाही. ते शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत आणावे, ही मागणी रास्त आहे. आमदारांपुढे ती ठेवायला काय हरकत आहे?

गावाने काय करावे

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, वेळ निवडा. सैल घोट्याची शस्त्रक्रिया तातडीची नसते. व्यायामाचे तीन महिने रब्बीच्या हंगामात घाला. फरक पडला नाही तर गहू-हरभरा घरात आल्यावर, मार्चच्या आत शस्त्रक्रिया करून घ्या. मृगापर्यंत निदान हलक्या कामाला पाय तयार होतो. मे महिन्यात केली तर सगळा खरीप बाजेवरून पाहावा लागतो.

दुसरी, सावड. पेरणीला आणि काढणीला आपण सावड करतोच. गावात कोणाच्या पायाची शस्त्रक्रिया झाली तर त्याच्या वाट्याचे पाळीचे पाणी आणि जनावरांचे पाहणे दोन महिने भावकीने, शेजाऱ्याने वाटून घ्यावे. तो बरा झाला की फेडील. शिवलेली पट्टी पुन्हा तुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे सहा आठवड्यांच्या आत रानात उतरलेला माणूस.

तिसरी, सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्यासाठी. गावच्या आरोग्य व पोषण समितीला दरवर्षी थोडा मुक्त निधी येतो. त्यातून चार क्रेप बँडेज, दोन कुबड्या घेऊन उपकेंद्रात ठेवता येतील. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अस्थितज्ज्ञाची आणि फिजिओथेरपिस्टची जागा आहे का, आणि ती भरलेली आहे का, हे लेखी विचारा. व्यायाम शिकवणारा माणूस तालुक्याला असेल तर निम्म्या शस्त्रक्रियांचे बोलणेच निघणार नाही, आणि ज्या होतील त्या वाया जाणार नाहीत.

चौथी गोष्ट रात्रीच्या पाण्याची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. या योजनेचा हिशोब आपण युनिटांत करतो. साप, विंचू आणि मुरगळलेले पाय हेही त्याच हिशोबात धरा. पडीक गायरान किंवा जमीन देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला तर हेही बोलले जाऊ द्या.

आणि शेवटी एक काम सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेतच करावे. सगळे विषय संपले की एवढेच विचारावे, "तुमच्यापैकी कोणाकोणाचा पाय धरत नाही?" बायकांनाही विचारावे. डोक्यावर हंडा आणि भारा त्यांच्याच असतो, आणि त्या तर 'काही नाही' सुद्धा म्हणत नाहीत. किती हात वर होतात ते मोजावे आणि तो आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा. आजवर या दुखण्याची कुठल्याच कागदावर नोंद नाही. पहिली नोंद आपल्या गावची होऊ द्या.